मेस्तानं लिहिलेली ओवी

२०१८ सालच्या फेब्रुवारीतली गोष्ट. कारेज्म नुकतंच सुरू झालं होतं. दिवेलागणीच्या वेळी मी सोप्यावर बसलो होतो आणि पायऱ्यांपाशी कुणीतरी खाकरलं. पाहतो तर मेस्त! काखेत एक फाईल, डोक्यावर ती जुनी कॅप, आणि चेहऱ्यावर असा भाव की आत येऊ की नको.

मेस्त म्हणजे आमच्या गावच्या इगर्जीत कोर बसवणारा, पोरांना सोल्फेज आणि रबेक शिकवणारा मास्तर. त्याचं घर आणि माझं घर यांच्यामध्ये दोन आंब्याची झाडं आणि एक गडगा. तरीही तो माझ्या सोप्यावर बऱ्याच वर्षांनी चढत होता. कारण सांगायला हवं, नाहीतर पुढचं तुम्हांला नीट समजायचं नाही. ८५-८६ सालच्या भाषेच्या चळवळीत मी मराठीच्या मोर्चांत होतो आणि तो कोंकणीच्या. मी तेव्हा नुकताच मराठीचा शिक्षक झालो होतो, रक्त गरम होतं. एकदा तिठ्यावर, चार माणसांदेखत, आम्ही एकमेकांना जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. १९८७ मध्ये राजभाषा कायदा झाला, चळवळ निवली, पण आमचं बोलणं 'पाऊस बरा पडला' आणि 'नुस्तें महाग झालें' एवढ्यावरच राहिलं. फेस्ताला त्याच्या घरून दोदोल यायचा, चवथीला आमच्याकडून नेवऱ्या जायच्या. तो सगळा कारभार बायकांचा.

तर असा मेस्त माझ्यासमोर बसला, चहा घेतला, फाईल उघडली आणि म्हणाला, "सर, तुमचें मराठी जाय आमकां."

मला क्षणभर वाटलं, चेष्टा करतोय. पण फाईलमध्ये झेरॉक्सचे कागद होते, आणि त्यांवर फादर स्टीफन्सच्या ख्रिस्तपुराणातल्या ओव्या. दुसऱ्या पुराणातला, ख्रिस्ताच्या दुःखभोगाचा भाग. कारेज्मात इगर्जीसमोरच्या मांडवात एक संध्याकाळ फक्त या ओव्या गायच्या, मध्ये मध्ये काही प्रसंग उभे करायचे, असं त्याच्या मनात आलं होतं. पाद्रींनी होकार दिला होता. अडचण एवढीच की कोरातल्या कुणालाच ती भाषा धड वाचता येत नव्हती. रोमी लिपीतला मजकूर वाचायचे, पण शब्द कुठं तोडायचा ते कळेना.

इथं मला एक कबुली द्यायची आहे. ख्रिस्तपुराण हे नाव मी आयुष्यात शेकडो वेळा घेतलं असेल. भाषणांत, वर्तमानपत्रांतल्या पत्रांत, तिठ्यावरच्या त्या भांडणातही! 'अरे, तुमच्या पहिल्या पाद्रीनंच मराठीत पुराण लिहिलं, आणि तुम्ही काय सांगता?' हा माझा हुकमाचा पत्ता. पण कपाटातली शांताराम बंडेलूंची देवनागरी प्रत (१९५६ ची) मी किती वाचली होती? सुरुवातीचे दोन-तीन अवस्वरू, आणि मराठीच्या थोरवीच्या त्या पाच-सहा ओव्या, ज्या शाळेच्या पुस्तकांतही असतात. ग्रंथ जवळजवळ अकरा हजार ओव्यांचा आहे! मी त्याचा दांडका केला होता. दांडका वाचायचा नसतो, हाणायचा असतो.

मेस्ताला मी हे तेव्हा सांगितलं नाही. 'बघू या' म्हणालो. तो गेल्यावर रात्री बंडेलूंची प्रत काढली, धूळ पुसली आणि पहिल्यापासून वाचायला बसलो. सुरुवातीच्याच प्रस्तावनेत स्टीफन्सनं साफ लिहून ठेवलंय की हे मराठीत लिहिलं, कारण देवाधर्माचे विषय सांगायला ही भाषा त्याला योग्य वाटली; पण शुद्ध मराठी सामान्यांना समजत नाही, म्हणून जुन्या कवींचे अवघड शब्द टाळून ब्राह्मणांच्या चालू बोलीतले सोपे शब्द त्यात मिसळले. ती बोली म्हणजे आपली कोंकणी. म्हणजे बघा, माझं वाक्य आणि मेस्ताचं वाक्य, दोन्ही त्या एका परिच्छेदात शेजारी शेजारी बसलेली होती. तीस वर्षं मी त्यातलं अर्धंच वाक्य लोकांच्या तोंडावर फेकत आलो होतो. त्यानंही दुसरं अर्धं फेकलं, हा भाग वेगळा.

दुसऱ्या दिवशी होकार कळवला.

तालमी इगर्जीच्या सभागृहात, रात्री आठनंतर. कोण कोण होतं सांगतो. मस्कतहून परतलेला एक ड्रायव्हर, आवाज खर्जातला, विहिरीतून आल्यासारखा. म्हापशाच्या बँकेतली एक मुलगी, सोप्रानो. दोघी नर्स, ड्युटी असेल त्या दिवशी गैरहजर. एक सुतार, जो गात नव्हता पण खुरीस करणार होता. शिलाईचं दुकान चालवणारी एक बाई, पोशाखांसाठी. रबेक वाजवणारी मेस्ताची चार पोरं. आणि कोपऱ्यात खुर्ची टाकून बसलेली, वाड्यावरची सगळ्यांची शामाय. तिला कुणी बोलावलं नव्हतं. तिच्या नातीला न्यायला यायची आणि बसून राहायची.

पहिला आठवडा उच्चारांत गेला. मी ओव्या देवनागरीत आणि रोमीत, दोन्हीत मोठ्या अक्षरांत लिहून दिल्या. 'वैकुंठ' हा शब्द आला तेव्हा बँकेतल्या मुलीनं विचारलं, "सर, वैकुंठ म्हणजे?" मी म्हटलं, तुम्ही प्रार्थनेत सर्ग म्हणता तो. "मग हांगा सर्ग कित्याक ना?" चांगला प्रश्न होता. स्टीफन्स इंग्लंडातून १५७९ साली गोव्यात आला, बहुतेक आयुष्य साष्टीत काढलं, आणि ज्या लोकांसाठी लिहायचं त्यांच्या कानांत जे शब्द पिढ्यान्‌पिढ्या होते तेच उचलले. पुढं इगर्जीची कोंकणी वेगळ्या वाटेनं गेली, आणि वैकुंठ आमच्याकडे राहिलं. मुलीनं मान डोलावली आणि पेन्सिलीनं वैकुंठाखाली रेघ मारून 'सर्ग' लिहिलं.

उच्चार सुधारले, पण गाणं काही जमेना. मेस्तानं चार आवाजांत बांधायचा घाट घातला होता, सोप्रानो, आल्तो, तेनोर, बाश, सगळं शास्त्रशुद्ध. ऐकायला सुरेख, पण ओवी त्यात मरत होती. ओवीचे पहिले तीन चरण यमकानं चढत जातात आणि चौथा आखूड, तिथं श्वास टाकल्यासारखं थांबायचं. मेस्ताच्या चालीत तो चौथा चरण ओढून ताणून बाकीच्यांएवढा केलेला. मी म्हटलं, मेस्त, चौथ्याला पाय आखूडच हवा. तो म्हणाला, मग माप बसत नाही. दोघंही हट्टाला पेटलो. जुनी सवय!

शेवटी मी वैतागून म्हटलं, थांबा, आमची आजी कशी म्हणायची ते ऐका. माझा आवाज म्हणजे काय सांगू... पण जात्यावर बसल्यासारखं डोलत आजीच्या चालीत एक ओवी म्हटली. कोर गप्प. एक-दोघं हसू दाबत होती. आणि कोपऱ्यातून शामायचा आवाज आला, "पुता, ही आमच्या रोसाची वोवी मरे!"

आणि तिनं सुरू केलं. लग्नाच्या आदल्या दिवशी नवऱ्या-नवरीला नारळाचा रस लावतात तो रोस. त्या वेळी बायका म्हणतात त्या वोव्या. हल्ली डीजेच्या दणक्यात कोण म्हणतंय! ती शब्द विसरत होती, मध्येच थांबत होती, पण चाल तीच. अगदी तीच म्हणत नाही, वळणं थोडी वेगळी, शेवटचा सूर आमच्या आजीपेक्षा खाली. पण चौथ्या चरणाला तोच थांबा, तोच टाकलेला श्वास. १७३६ साली इन्क्विझिशननं जो फतवा काढला त्यात नवख्रिस्तींच्या लग्नांतल्या या वोव्यांवरही बंदी होती, हे मी कित्येकदा वाचलं होतं. फतवा काढणारं इन्क्विझिशन गेलं, पोर्तुगीज गेले, आणि वोवी माझ्यासमोर प्लास्टिकच्या खुर्चीत बसून, दात नसलेल्या तोंडानं गात होती.

मेस्त एकदम उठला. पोराच्या हातातला रबेक घेतला आणि तिच्यामागून सूर शोधायला लागला. त्या रात्री साडेअकरापर्यंत आम्ही तिथं होतो. चारही आवाजांचा आराखडा त्यानं मोडला. चाल शामायची, मुख्य आवाज एकच. बाकीचे फक्त दुसऱ्या चरणापासून खालून आधार देणार, आणि चौथ्यावर सगळे मिळून थांबणार. रबेक तंबोऱ्यासारखा एकाच सुरावर धरलेला.

एका नर्सनं शंका काढली की लग्नाची चाल जेजूच्या मरणाला कशी चालेल? यावर बरीच वादावादी झाली. ती शामायनंच मिटवली. म्हणाली, रोसाच्या दिवशी आई रडतेच की. लेक जायची असते.

हे सगळं गोड गोड वाटत असेल, तर तसं नव्हतं. कोरातल्याच एका तरुणानं पाद्रींकडे जाऊन विचारलं की इगर्जीत मराठी कशाला. त्याच्या लेखी मराठी म्हणजे देवळातली भाषा. पाद्रींनी त्याला काय सांगितलं माहीत नाही, तो पुढं तालमींना आला नाही. आणि माझ्या घरी माझा चुलतभाऊ. तो जेवायला आला होता, वहीत ओव्या पाहिल्या आणि हातातला घास खाली ठेवला. "दादा, आपल्या देवीला नदी ओलांडून पलीकडे न्यावं लागलं ते कुणामुळे? आणि तू त्यांचं पुराण शिकवतोस?"

त्याचं खोटं नव्हतं. आमची कुलदेवता मूळची साष्टीतली; सोळाव्या शतकात पळवून अंत्रुजात नेली. रायतूरच्या किल्ल्याचा कप्तान दियोगू रॉद्रिगिश, त्यानं १५६७ साली साष्टीतली देवळं पाडली, आणि त्याच रायतूरला, ज्याला आपण राशोल म्हणतो, १६१६ साली ख्रिस्तपुराण छापून झालं. मध्ये फक्त एकोणपन्नास वर्षं. कुंकळ्ळीला १५८३ मध्ये पाच जेझुइट मारले गेले आणि नंतर बोलणी करायला म्हणून असोळण्याच्या किल्ल्यात बोलावलेल्या गावकारांची कत्तल झाली, तेव्हा स्टीफन्स गोव्यातच होता. तो पाडापाडीनंतर आला, कवी होता, आपल्या भाषेवर त्याचं प्रेम होतं, हे सगळं खरं. पण तो पाडणाऱ्यांच्याच जहाजातून आला हेही खरं. भावाला मी काही उत्तर दिलं नाही. अजूनही माझ्याकडे नाही.

फक्त एक गोष्ट मला त्या रात्री पुन्हा पुन्हा वाचावीशी वाटली. पुराणाच्या आरंभी स्टीफन्स सांगतो की हे लिहायचं कसं ठरलं. नवख्रिस्ती लोकांतला एक ब्राह्मण त्याला म्हणाला की आमची जुनी पुराणं तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी आम्हांला दुसरं पुराण का करून देत नाही? म्हणजे मागणी खालून आलेली. देवही गेला, पोथीही गेली, आणि संध्याकाळी दिव्याजवळ बसून काय म्हणायचं हा प्रश्न उरलेल्या माणसानं ती केलेली. तो माणूस माझ्याच कुळातला नसेल कशावरून? आमच्यातले जे नदी ओलांडून गेले नाहीत, मागंच राहिले, त्यांच्यातला? भावाचे आणि मेस्ताचे पणजोबा-खापरपणजोबा मागे नेत नेत गेलं तर कुठं तरी एकाच अंगणात सापडतील. हे काही उत्तर नव्हे, हे मला कळतं. मी तालमीला जात राहिलो. भाऊ महिनाभर आला नाही.

आणि गंमत अशी की हे पुराण गोव्यात छापील रूपात टिकलंही नाही. १६१६, १६४९, १६५४ अशा तीन आवृत्त्या छापल्या गेल्या, पण त्यांची एकही प्रत आज उरलेली नाही. टिकलं ते मुख्यतः गोव्यातून कानड्यात स्थलांतर केलेल्या ख्रिस्ती घरांत, हातानं उतरवून घेतलेल्या पोथ्यांत. त्या जमवूनच १९०७ साली मंगळूरला जोसेफ साल्ढाणांनी ते रोमी लिपीत पुन्हा छापलं. म्हणजे पळून पलीकडे जाण्याची पाळी एकट्या देवांवरच आली असं नाही. पोथीही गेली.

असो. विषय भरकटला. पोशाखांचं सांगायचं राहिलं.

क्रुसापाशी उभ्या राहणाऱ्या मेरीला काय नेसवायचं? शिलाईवालीनं निळा झगा शिवायला घेतला होता, इगर्जीतल्या मूर्तीसारखा. सुतार म्हणाला, ओवी मराठी आणि माय मात्र पोर्तुगीज? तेव्हा मी त्यांना आंजेलो द फोन्सेकाची गोष्ट सांगितली. जुव्याचा, म्हणजे सांतेस्तेव्हचा माणूस, जन्म १९०२ चा. शांतिनिकेतनात अवनींद्रनाथ ठाकूर आणि नंदलाल बोस यांच्याकडे शिकला आणि साडी नेसलेली मेरी रंगवू लागला, आपल्या गावच्या बाईसारखी. गोव्यातल्या लोकांना ते मुळीच रुचलं नाही. तो पुण्याला ख्रिस्त प्रेम सेवा संघाच्या आश्रमात जाऊन राहिला, तिथंच रंगवत राहिला, आणि १९६७ मध्ये पुण्यातच वारला. त्याच्या चित्रांचा मोठा संग्रह आता आपल्या पर्वरीला, झेवियर सेंटरमध्ये आहे. पुढच्या रविवारी टेम्पो करून सगळी मंडळी निघाली ती चित्रं बघायला. शिलाईवाली एका चित्रासमोर बराच वेळ उभी होती, पदर डोक्यावरून कसा आलाय ते हातानं हवेत मोजत. परत आल्यावर निळ्या झग्याचं कापड उसवून तिनं त्याला काठ लावला. त्याची साडी झाली.

घुमटाचा प्रश्न शेवटपर्यंत लटकला. आमच्या चवथीच्या आरतीत घुमट वाजवणारा पोरगा यायला तयार होता. मेस्त म्हणाला, मांड्याला घुमट असतंच, ते आमचंही आहे, पण कारेज्मात घुमट? आनंदाचं वाद्य ते. (घोरपडीचं कातडं कायद्यानं बंद, या पोराचं घुमट बकऱ्याच्या कातड्याचं, पुढच्या वर्षी, २०१९ मध्ये, सरकारनं घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून जाहीर केलं तेव्हा तो गावभर मिरवत होता.) तडजोड अशी झाली की शेवटच्या प्रसंगापर्यंत घुमट नुसतं मांडीवर ठेवायचं. मरणाच्या ओवीनंतर एकच थाप, बोटांनी नाही, तळहातानं. आणि त्यानंतर मात्राक, पवित्र आठवड्यात घंटा मुक्या असतात तेव्हा वाजवतात ती लाकडी.

कार्यक्रम ठरला कारेज्माच्या पाचव्या रविवारी. तारीख पाहिली तर १८ मार्च, म्हणजे पाडवा! मेस्तानं विचारलं, बदलू या का? मी म्हटलं, सकाळी गुढी, संध्याकाळी ओव्या, काय बिघडतं. सकाळी घरी श्रीखंड-पुरी झाली आणि संध्याकाळी पांढरा सदरा घालून मी इगर्जीच्या मांडवात एका बाजूला उभा. जोडणाऱ्या ओव्या मी वाचायच्या होत्या.

लोक पुष्कळ आले होते. आमच्या वाड्यावरचेही बरेच, मागच्या बाजूला उभे. सुरुवातीला माझाच आवाज थरथरत होता. बागेतला प्रसंग झाला, धरून नेलं, फटके झाले. एका ठिकाणी तेनोर चुकला, मेस्तानं डोळे वटारले. इतपत सगळं आम्ही बसवल्यासारखंच. मग आईचा भाग आला. बँकेतल्या मुलीनं शामायच्या चालीत पहिली ओवी उचलली, आणि चौथ्या चरणाला सगळे थांबले तेव्हा मांडवातून एक हुंकार आला. पुढच्या ओवीला तो वाढला. बाकांवरच्या म्हाताऱ्या बायका चौथा चरण धरत होत्या. शब्द त्यांना ठाऊक नव्हते, कुठून असणार? नुसती चाल, तोंड मिटून. आणि मी मागे पाहिलं तर उभ्या असलेल्या आमच्या बायकांतली एक, माझीच काकी, तीही. भावाची आई. तिनं डोळे मिटले होते आणि डावा हात खुंटा धरल्यासारखा फिरत होता.

पुढची जोडओवी माझी होती. मी ती वाचलीच नाही. म्हणजे वाचता आली नाही. मेस्तानं माझ्याकडे पाहिलं, थोडा थांबला, आणि रबेकावर ती जागा भरून काढली. घुमटाची थाप पडली. मात्राक वाजली. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत, कारेज्मात वाजवत नाहीत.

मेस्त २०२१ साली गेला, कोविडच्या दुसऱ्या लाटेत. खांदा द्यायला कुणाला जाता आलं नाही ते दिवस. त्याच्या मुलानं नंतर एक पाकीट आणून दिलं, वर 'सर' असं लिहिलेलं. आत पाच रेघांच्या स्वरलेखनाचा एक कागद होता, त्याच्या सुबक हातचा. वरच्या ओळीला रोमीत 'शामाय', खालच्या ओळीला 'सराची आजी'. दोन्ही चाली एकाखाली एक, जिथं वेगळ्या होतात तिथं तांबड्या पेन्सिलीनं बारीक खूण. मला ते लेखन वाचता येत नाही. चौथ्या चरणाची जागा मात्र ओळखता येते, तिथं दोन्ही ओळींवर त्यानं थांब्याचं चिन्ह काढलंय. कागद बंडेलूंच्या प्रतीत ठेवलाय, त्या प्रस्तावनेच्या पानाशी.